होळीच्या पलीकडून

लालबाग, ८ जानेवारी २०२६

आजोबा,

पाया पडायला रविवारी येतेच आहे, तोवर हा कागद. बाबा ऑफिसला जाताना फणसवाडीत नलू आत्याकडे देतील आणि तुमचं उत्तर घेऊन येतील. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला बोलायची बंदी, आणि मोबाईलवर तुमचं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. परवा तुम्ही "मी बटाटा आहे" असा मेसेज पाठवलात. आई अजून विचार करते आहे की तुम्ही बरे आहात की तुम्हाला भाजी हवी होती.

आता मुद्द्याचं. काल चाळीत होळीची मीटिंग झाली. शामरावकाका तुमच्याबद्दल म्हणाले, "आनंदाचा आवाज तोवर नाय आला, तर गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं माझ्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड आहे. स्पीकरला लावून टाकू. आवाज त्याचाच, टेन्शन खल्लास." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दारातून म्हणाले, "त्यात बुधाजीकाकांच्या गुडघ्यांना आराम पडू दे असं मागितलंय. बुधाजीकाका दिवाळीत गेले."

मग शामरावकाकाच म्हणाले, "मग कोण घालणार? तू?" आणि हशा पिकला. का पिकला ते तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या सेमिस्टरला कॉलेजात बोलायला उभी राहिले आणि पाणी प्यायचं निमित्त करून थेट घरी आले, हे आईने नळावर सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

मी म्हणाले, "हो, मीच घालणार."

आता बोलून बसले आहे, तेव्हा करणारच. आमच्या दादरच्या कॉलेजात यंदा सादरीकरणाचा तास आहे. प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. माझी पाळी फेब्रुवारीत. तोवर बाकीचे कसे बोलतात ते बघणार आणि शिकणार. शेजारी बसणाऱ्या नूपुरला हे सांगितलं, तर तिला गाऱ्हाणंच माहीत नव्हतं. मी सांगितलं, होळी पेटवायच्या आधी आमचे आजोबा देवापुढे सगळ्या चाळीची सुखदुःखं मोठ्याने मांडतात, आणि दर मागणीला मागची माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ती म्हणाली, "म्हणजे भाषण आणि टाळ्या एकत्र." मला राग आला, पण तसं ते फार चूकही नाही.

तुमची परवानगी मागत नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल. कसं घालायचं तेवढं सांगा.

मेघना


फणसवाडी, १० जानेवारी

चि. मेघना,

आशीर्वाद. मी "बरा आहे" असंच लिहिलं होतं, मोबाईलच्या मनात दुसरं होतं.

शामरावला सांग, आनंदा घाडीगावकर अजून जागेवर आहे. डॉक्टर सज्जन माणूस आहे, नीट घसा बघतो. होळीला मी चाळीत उभा असेन, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. तेव्हा तू आपला अभ्यास कर. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही, गावी नाही आणि लालबागेतही नाही. माझे वडील गिरणीतून पाळी संपवून तसेच येऊन घालायचे, त्यांच्यानंतर मी. विकासला, म्हणजे तुझ्या बापाला, एकदा उभा केला होता. तो इतका पुटपुटला की देवाने कान पुढे केला असेल.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. गाऱ्हाणं पाठ करायचं नसतं. देवाकडे तोंड, लोक पाठीमागे. डोळे मिटायचे. एक मागणी झाली की थांबायचं, घाई करायची नाही. लोक उचलून धरतात. एवढंच आहे.

इथे दिवस जाता जात नाही. नलूच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, हॉस्पिटल जवळ आहे, जावई भला आहे, पण बोलायला पाटी. मी पाटीवर "चहा" लिहीपर्यंत ती चहा घेऊन येते, मग लिहिलेलं वाया जातं. तुझ्या वर्गात कोण कसं बोलतं ते कळवत जा. कोणीतरी मनसोक्त बोललेलं मला ऐकायचं आहे.

आजोबा


लालबाग, २३ जानेवारी

आजोबा,

ऐका तर मग.

ध्रुव सगळ्यात आधी बोलला. पडद्यावर जे लिहिलं होतं तेच त्याने वाचून दाखवलं, तेही आमच्याकडे पाठ करून. तुम्हीही पाठ करून उभे राहता, पण तुमच्यापुढे देव असतो, याच्यापुढे प्रोजेक्टर होता.

मग यशोधन. उंच, इस्त्रीचा शर्ट, एकदाही अडखळला नाही. बोलताना हात असे फिरवतो की हवेत पोळ्या लाटतोय. मी ते हात आरशासमोर करून बघितले. आई म्हणाली, "डास झालेत का गं?" पण मला जमले आहेत.

शंतनुने सुरुवातीलाच आमच्या कॅन्टीनच्या सामोशावर विनोद केला. वर्ग हसला. त्यानंतर तो कशावर बोलला ते मला आता आठवत नाही, पण सुरुवात झकास होती.

तर माझं असं ठरलं आहे. सुरुवात शंतनुची, हात यशोधनचे, आणि थांबणं तुमचं. विषय घेतला आहे भायखळ्याची भाजी मंडई. आई जे डबे विकते त्यांच्या भाजीसाठी मी तिच्याबरोबर जातेच, तेव्हा माहिती शोधायला नको. इतिहास थोडा इंटरनेटवरून घालते म्हणजे वजन येईल.

रविवारी आले तेव्हा तुम्ही झोपला होतात. आत्याला विचारलं, आवाज कधी येणार. ती म्हणाली, "चहा घेतेस?"

मेघना


फणसवाडी, २५ जानेवारी

चि. मेघना,

हात हलवायला ती काय ट्रॅफिकची चौकी आहे? बाकी तुझी मर्जी. थांबायला मात्र विसरू नकोस.

नलू चहा उत्तम करते. घेत जा.

आजोबा


लालबाग, ६ फेब्रुवारी

आजोबा,

झालं. बाबांनी सांगितलं असेलच, पण माझ्याकडूनही ऐका.

सामोशाचा विनोद केला. कोणी हसलं नाही. तो शंतनुचाच होता, फक्त मी सामोशाऐवजी बटाटावडा केला होता. मग हात केले. मागून कोणीतरी म्हणालं, "यशोधन, तुझी बहीण काय रे?" तरी मी डगमगले नाही. भायखळ्याच्या मंडईचा इतिहास सुरू केला. एक वाक्य झालं, आणि तुम्ही सांगितलंत तशी थांबले.

आजोबा, मी वाट बघत होते. मला तेव्हा कळलंच नाही कशाची. लहानपणापासून मी एकाच माणसाला लोकांपुढे बोलताना ऐकलं आहे, आणि तो माणूस थांबला की लोक उत्तर देतात. माझे कान तेच शोधत होते. कोणी काही बोलेना. दुसरं वाक्य बोलले, पुन्हा थांबले. पंख्याचा आवाज येत होता. तिसऱ्या वेळी शंतनु म्हणाला, "मॅडम, हिचं नेटवर्क गेलं." मग वर्ग हसला, जो आधी हसायला हवा होता.

मी उरलेलं बोलू शकले नाही. पण पळाले नाही. जागेवर जाऊन बसले, तास संपेपर्यंत बसले, आणि मग मॅडमकडे जाऊन म्हणाले, "मला पुन्हा एक तारीख द्या." त्या म्हणाल्या, "पुन्हा कोणी मागत नाही." मी म्हणाले, "मी मागते आहे." तेवीस फेब्रुवारी मिळाली.

घरी येऊन रडले. ते आईने नळावर सांगू नये म्हणून तिच्याकडून शपथ घेतली आहे.

मेघना


फणसवाडी, ७ फेब्रुवारी

चि. मेघना,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. चूक तुझी नाही, माझी. मी गाऱ्हाण्याचं सांगितलं, तू ते वर्गात नेलंस. वर्गातली पोरं थोडीच आपल्या चाळीची आहेत.

आता हा नाद सोड, बाळा. तुझी आणखी शोभा झालेली मला बघवणार नाही. गाऱ्हाण्याचं काय, शामराव म्हणतो तसं मोबाईलवर लावू दे. बुधाजीचं नाव आलं तर आलं. देव समजून घेईल.

आजोबा


लालबाग, ८ फेब्रुवारी

आजोबा,

होळीला तुम्ही उभे असणार होतात. मग मोबाईल कशाला लागतोय?

मला चहा नको आहे. खरं लिहा.

आणि दुसरं एक. तुम्ही थांबायचात तेव्हा लोकांकडे बघायचात का कधी? कोण म्हणतंय, कोण नुसतं उभं आहे, हे कळायचं का तुम्हाला?

मेघना


फणसवाडी, ११ फेब्रुवारी

चि. मेघना,

हा कागद तीनदा फाडला, आता फाडत नाही.

आवाज येणार नाही. गाठीबरोबर तोही काढावा लागला, हे डॉक्टरांनी नाताळच्या आधीच सांगितलं. नलूला माहीत आहे, विकासला माहीत आहे. तुला सांगू नका म्हणून मीच पाटीवर लिहिलं. आवाज येणार म्हटलं की घरातली माणसं दोन घास नीट जेवतात. मीसुद्धा जेवत होतो. होळीला उभा असेन असं लिहिलं ते खोटं नाही. उभा असेन. तेवढंच करू शकेन.

मला राग एका गोष्टीचा येतो. माणसाचा पाय जातो, डोळा जातो, लोक हळहळतात. आवाज गेला की लोक तुमच्याशी मोठ्याने बोलायला लागतात, जसा काही कान गेला. जावई परवा "अप्पा, पाणी हवंय का?" असं ओरडला की शेजारची बाई पाणी घेऊन आली.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. नाही, बघितलं नाही. इतकी वर्षं गाऱ्हाणं घातलं आणि एकदाही वळून बघितलं नाही. डोळे मिटलेले, लोक पाठीमागे. आवाज मोठा आला की बरं वाटायचं. पण कोणाचा आला, कोणाचा नाही आला, मला ठाऊक नाही. बुधाजीची बायको जाईबाई त्यात कधी म्हणायची का? मी सांगू शकत नाही.

तेव्हा मला गुरू करू नकोस. मला अर्धंच येत होतं.

आजोबा


लालबाग, २४ फेब्रुवारी

आजोबा,

तुमचं पत्र वाचलं. बाबांवर दोन दिवस रुसले. मग विचार केला, रुसून तेवीस तारीख पुढे जाणार नाही.

तुम्हाला अर्धं येत होतं, तर उरलेलं अर्धं कुठे आहे ते शोधायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशीपासून मी वर्गात पहिल्या बाकावर भिंतीला टेकून आडवी बसले. बोलणाऱ्याकडे बघायचं सोडून दिलं. ऐकणाऱ्यांकडे बघत राहिले. मॅडमनी विचारलं, "मान आखडली का?" मी म्हणाले, हो.

आणि मला काय काय दिसलं सांगू? एका मुलाने फार छान, पाठ केलेलं भाषण केलं. पुढच्या दोघांचे डोळे त्याच्यावर होते आणि बोटं बाकाखाली मोबाईलवर. मॅडम मान हलवत होत्या, पण एकाच तालात, त्या मनात दुसरं काहीतरी मोजत असणार. मग नूपुरची पाळी आली. नूपुर कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. ती दोनदा अडखळली. ती बोंबील सुकवण्यावर बोलली. म्हणाली, "वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या दोरीवर, बोंबील घालताना जबड्यात जबडा अडकवायचा, दोघं एकमेकांना धरून राहतात, दोरीला बांधावं लागत नाही." आणि तिने दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली.

शंतनुने मोबाईल उलटा ठेवला. ध्रुवचं पेन थांबलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने नकळत आपली बोटं अडकवून बघितली. आजोबा, कोणी तोंडाने काही बोललं नाही, पण तेच होतं. "व्हय म्हाराजा"च होतं. मला ते फक्त कानाने ऐकायची सवय होती, म्हणून पहिल्या वेळी दिसलं नाही.

काल मी बोलले. विनोद नाही, हात नाहीत, इतिहास नाही. पिशवीतून कोथिंबिरीच्या दोन जुड्या काढल्या आणि म्हणाले, "यातली एक माझ्या आईने घेतली आणि एक मी घेतली. माझी फसलेली आहे." मग जुडी सोडून आतला चिखल आणि पिवळी पानं दाखवली. थांबले. पहिल्या रांगेतल्या दोघी पुढे झुकल्या. पुढचं बोलले. मधे एकदा ध्रुवच्या कपाळावर आठी दिसली, तेव्हा तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगितलं, आणि त्याची मान हलली तेव्हाच पुढे गेले. भीती होती, पण दुसऱ्यांकडे इतकं लक्ष द्यावं लागतं की तिच्याकडे बघायला वेळ मिळत नाही.

शंतनु नंतर म्हणाला, "फुल्ल रेंज होती आज." मॅडम म्हणाल्या, जुड्या स्टाफरूममध्ये ठेवून जा.

आता तुम्ही. मी गाऱ्हाणं घालणार, हे आता नक्की आहे. शामरावकाकांनी नाही म्हटलं तरी घालणार. पण मी लोकांकडे पाठ करून उभी राहणार नाही. मला त्यांचे चेहरे दिसले पाहिजेत. तुम्ही रागवाल, पण सांगून ठेवते.

मेघना


फणसवाडी, २६ फेब्रुवारी

चि. मेघना,

रागावलो. देवाकडे पाठ करून गाऱ्हाणं घालतेस, तर ते देवाला नाही, शामरावला घातल्यासारखं होईल.

मग जावयाच्या पानाच्या डब्यावर सुपारी होळी म्हणून ठेवली आणि पानं लोक म्हणून मांडली. तू होळीच्या पलीकडे जा. होळी मधे, लोक अलीकडे. तुझं तोंड होळीकडे म्हणजे देवाकडे, आणि होळीच्या मागे तुला सगळे दिसतील. कोणाकडेच पाठ नाही. हे आमच्या बापजाद्यांना सुचलं नाही, कारण त्यांना बघायचंच नव्हतं.

शामरावला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. त्यात लिहिलं की हा मान घाडीगावकरांच्या घराचा आहे आणि घरात आता मेघना आहे. तो कुरकुरेल. कुरकुरू दे, त्याला बोलता येतं.

आजोबा


फणसवाडी, ५ मार्च

चि. मेघना,

नलूने मला आज सकाळी परत आणलं. परवा चाळीत इतकी माणसं भोवती होती की पाटी हातात धरायलाही जागा नव्हती, म्हणून आता लिहितो. तू पलीकडे होतीस, मी अलीकडे, तेव्हा तुला जे दिसलं नसेल ते सांगतो.

शामराव माझ्या शेजारी होता. मोबाईल स्पीकरला जोडून खिशात तयार ठेवला होता, तू अडलीस तर लावायला. तू पलीकडे जाऊन उभी राहिलीस तेव्हा तो म्हणाला, "ह्यां काय नवीन फॅड?" मी त्याचा हात धरला. माझ्या हातात अजून गिरणीत कापडाचे साचे ओढलेला जोर आहे.

तू "बा देवा म्हाराजा" म्हणालीस. आवाज बारीक होता. लोकांनी उत्तर दिलं ते सवयीने, अर्धवट. मी इतकी वर्षं हे पाठीने ऐकलं होतं. परवा मध्ये उभा राहिलो तेव्हा कळलं, निम्मी माणसं चपलांकडे बघत असतात. माझ्या वेळीही असतील.

मग तू म्हणालीस, "जी बाई पहाटे उठान डबे करता, दुसऱ्यांच्या पोटाची काळजी करता, तिच्या हातापायाक बळ दी रे म्हाराजा." आणि तू तुझ्या आईकडे बघितलंस. बायकांच्या बाजूने जो आवाज आला तो मी आजवर कधी ऐकला नव्हता. माझ्या गाऱ्हाण्यात बायका कधी नव्हत्याच, मेघना. नोकऱ्या होत्या, दुखणी होती, कोर्टकचेऱ्या होत्या. डबे नव्हते.

पुढे तू बुधाजीचं घर घेतलंस. "ज्या घरातलो माणूस गेलो, त्या घराक धीर दी." आणि थांबलीस. जाईबाई खाली बघत होती. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. तू पुढे गेली नाहीस. लोकांना वाटलं, विसरली. शामरावचा हात खिशात गेला. तू नुसती जाईबाईकडे बघत होतीस. तिने पदराने तोंड पुसलं, वर बघितलं आणि एकटीने म्हणाली, "व्हय म्हाराजा." तेव्हा तू पुढे गेलीस. शामरावने हात खिशातून काढला. नंतर त्याने मोबाईल खिशातच बंद केला, ते मी बघितलं.

आणि मग शेवटी तू म्हणालीस, "ज्येंचो आवाज इतकी वर्सां ह्या चाळीसाठी तुज्याकडे मागत आयलो, त्येंचा म्हणणा तू आता न बोलताच ऐकून घे रे म्हाराजा."

सगळी चाळ म्हणाली. इतक्या जोरात की गच्चीवरची कबुतरं उडाली. मी मात्र तसाच उभा होतो. मला वाटलं, झालं, आता होळी पेटवतील. विकासने काडी ओढलीसुद्धा होती. तू हात वर करून त्याला थांबवलंस.

तू माझी वाट बघत होतीस.

सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मला लाज वाटली, मग राग आला, मग काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. मी म्हणालो. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडून म्हणालो. नुसती हवा बाहेर आली, शेजारच्या शामरावलाही ऐकू गेली नसेल.

तू मान हलवलीस आणि विकासला म्हणालीस, "आता पेटवा."

आजोबा